पाठ फिरवून सांगितलेलं नाव

या सदरात आजवर छापून आलेले अनुभव मी नेमाने वाचत आलो आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांच्या शेवटी हसलो आहे. पांढरी साडी, पिंपळाचा पार, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आमच्या गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या संडासापाशी म्हणे एक बाई उभी दिसायची. मी त्या मजल्यावर लहानाचा मोठा झालो. मला तिथे नेहमी रांगच दिसली.

म्हणून पुढचं लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. माझ्या अनुभवात भूत नाही, अंधार नाही, किंकाळी तर नाहीच. लख्ख उन्हात, चारचौघांत, माझ्या तोंडून एक शब्द निघाला – घडलं ते एवढंच. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण तो शब्द कुठून आला ते मला अजून सांगता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सत्तावन्न सालच्या निवडणुका तोंडावर आलेल्या, माघ महिना. मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफरीडर होतो. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे असं मलाही मनापासून वाटे, पण पुढाऱ्यांची भाषणं छापून येण्याआधी वाचावी लागत असल्यामुळे भाषणांचं कौतुक मात्र लवकर संपलं होतं. ‘हा अरबी समुद्रही आज गर्जून सांगतो आहे’ हे वाक्य मी इतक्या वक्त्यांच्या भाषणांत तपासलं, की समुद्राला दुसरा काही उद्योग नसावा असं वाटू लागलं होतं.

अशात आमच्या वाडीतल्या कार्यकर्त्यांनी ठरवलं, की उपनगराच्या टोकाला जी कोळ्यांची गावं आहेत तिथेही सभा घ्यायची. वक्ते म्हणून अण्णासाहेब मिळाले. अण्णासाहेब दादरचे वकील. उंच, गोरे, आणि घरात पाणी मागतानाही सभेत मागावं तसं मागणारे. त्यांच्यासोबत मी आणि मधू परब. परब लालबागचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, मूळचा मालवणकडचा. आमची ओळख मोर्चात झाली आणि पुढे तो माझा आयुष्यभराचा दोस्त झाला. त्या दिवशी त्याच्याकडे पत्र्याचा कर्णा होता आणि माझ्याकडे हँडबिलांचा गठ्ठा.

गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्या घरातली माणसं अजून तिथे आहेत. बाकी ठिकाण नेमकं सांगतो. बोरिवलीला उतरायचं. स्टेशनच्या एका अंगाला डोंगर आणि नॅशनल पार्क, दुसऱ्या अंगाला टांग्याने खाडी. खाडी होडीने ओलांडून मग वाळूतून खाडीच्या मुखाकडे चालत जायचं. गाव तसं लहान नव्हतं – शाळा, देऊळ, एक चर्च, चहाची दुकानं, मासळीचा बाजार. सगळ्या गावावर सुकत्या बोंबलांचा वास, आणि समोर पाण्यापलीकडे पार्काचे निळसर डोंगर.

सभा चार वाजता होती, पण अण्णासाहेबांना आधी पार्क पाहायचं होतं. ‘निसर्गाच्या सान्निध्यात वक्तृत्वाला धार येते,’ असं ते म्हणाले. तेव्हा सकाळी आम्ही कर्णा आणि हँडबिलं घेऊन जंगल पाहिलं. एका झाडाखाली बसून पुरीभाजी खाल्ली. परब मला म्हणाला, “वश्या, वाघ इलो तर कर्ण्यातसून त्याका सांगूया, अध्यक्षांची निवड झाल्याशिवाय कोणाक खाव नको.”

अण्णासाहेबांनी ऐकलं नसावं. ते डोळे मिटून भाषणाची उजळणी करत होते.

गावात पोचलो तर शाळेच्या पटांगणात सगळी सिद्धता होती. टेबल, टेबलावर चादर, चादरीवर पाण्याचा तांब्या, आणि हार घातलेली एक खुर्ची. शाळेचे हेडमास्तर अध्यक्ष व्हायचे होते. परबने अध्यक्षांच्या नावाची सूचना मांडली, मी अनुमोदन दिलं, हेडमास्तर खुर्चीत बसले. आभार मानायला गावातला एक तरुण तयार होता. सभेला लागणारं सगळं होतं. फक्त समोर ऐकायला दोन कुत्री आणि एक आजोबा होते. आजोबांना ऐकू येत नव्हतं.

चूक आमचीच होती. आम्ही गिरगावच्या लोकांनी कॅलेंडर पाहून रविवार धरला होता, कारण रविवारी माणसं घरी असतात. कोळीवाड्यात माणसं घरी कधी असतात ते रविवारवर नाही, तिथीवर ठरतं. त्या दिवशी पंचमी होती. पंचमीची भरती नेमकी दुपार कलताना भरते आणि तिच्यावर स्वार होऊन होड्या आत येतात. गावातलं प्रत्येक चालतं माणूस त्या वेळी काठावर. हेडमास्तरांना हे ठाऊक होतं. “मग आम्हाला कळवलं का नाही?” असं मी हळूच विचारलं तर म्हणाले, “तुमचं छापील पत्र आलं होतं. छापून आलेलं बदलतं होय?”

या उत्तरावर प्रूफरीडरने काय बोलावं.

अण्णासाहेबांनी मला आणि परबला काठावर पिटाळलं. “जनतेला घेऊन या.”

जनता गुडघाभर चिखलात होती. एक होडी नुकतीच लागलेली, टोपल्या उतरत होत्या. होडीचा मालक आणि कप्तान – तिथे त्याला तांडेल म्हणतात – नामा तांडेल नावाचा, पिकल्या मिशांचा, थोडा वाकलेला माणूस. परबने त्याला सभेचं सांगितलं.

“येतो की,” तांडेल म्हणाला. “सभा काय पलून जाते? पन आदी वाटं होऊ द्या. मासळी पलून जाते.”

“मासळी मेलेली आसा,” परब म्हणाला.

“मेलेलीच लवकर जाते,” तांडेल म्हणाला, आणि भोवतालचे सगळे हसले.

वाटे करायची त्यांची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आलेल्या मासळीचे वाळूत सारखे ढीग घालतात. होडीवर जेवढी माणसं तेवढे ढीग, शिवाय एक ढीग होडीचा आणि एक जाळ्याचा. ढीग कितीही सारखे घातले तरी कुठे पापलेट जास्त, कुठे जवळा जास्त, हे व्हायचंच. मग कुणी हा घ्यायचा, कुणी तो, यावर भांडण नको म्हणून एका माणसाला ढिगांकडे पाठ करून उभं करतात. दुसरा काठी एका ढिगावर टेकवतो आणि विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस एक नाव सांगतो. सांगितलं त्या नावाचा तो ढीग. त्यावर अपील नाही. आमच्या वकील अण्णासाहेबांना दाखवावं असं ते न्यायालय होतं.

पण त्या दिवशी पाठमोरं कोणी उभं राहायचं यावरच वाद सुरू होता. आदल्या खेपेला ज्याने नावं सांगितली तो होडीवरच्या एकाचा मेव्हणा होता, आणि त्याने मान वळवून पाहिलं असा बाकीच्यांचा संशय होता.

“यो मुंबयवाला उबा करा,” एकाने परबकडे बोट दाखवलं.

दुसरा म्हणाला, “नको रं. ह्याची नजर बग कुटं हाय. यो पापलेटाकडं पाठ करील?”

परबने ते नाकारलं नाही.

“मंग चष्मेवाला. त्याला पापलेट आन् बोंबील येकच.”

अशी माझी नेमणूक झाली. तांडेलाने मला नावं सांगितली. होडीवरचे पाच जण – नामा तांडेल स्वतः, हऱ्या, बाळा, पोशा, दामू – आणि मग होडी आणि जाळं. मी ती त्याला परत म्हणून दाखवली. सात नावं लक्षात ठेवणं हे काही माझ्या धंद्यातल्या माणसाला अवघड नव्हतं.

उभा राहण्याआधी मला एक म्हातारी दिसली. थोडी लांब, उपड्या घातलेल्या एका जुन्या होडक्याला टेकून बसलेली, शेजारी रिकामी पाटी. बाकीच्या बायका ढिगांच्या भोवती होत्या, ती एकटीच बाजूला. मी तिच्याविषयी कोणाला विचारलं नाही, आणि कोणी मला सांगितलंही नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

मी ढिगांकडे पाठ केली. समोर खाडीचं चढतं पाणी, पलीकडे डोंगर. मागून काठी वाळूत रुतल्याचा आवाज आला.

“यो कोनाचा?”

“दामू.”

“यो कोनाचा?”

“जाळं.”

“यो कोनाचा?”

“पोशा.”

“यो?”

“केरू.”

माझा आवाज मला नीट ऐकू आला. चक्कर नाही, अंगावर काटा नाही, काही नाही. घरात रोज ज्याला हाक मारतो त्याचं नाव घ्यावं इतक्या सहज मी ते घेतलं, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिलो. प्रश्न आला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला सांगितलेल्या नावांत हे नव्हतं.

मागून हऱ्या म्हणाला, “कोन केरू? आमच्यात केरू नाय.”

“पाव्हना इसरला,” आणखी कोणी म्हणालं. हसणं सुरू झालं. परबचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. “वश्या, मेल्या, एवढ्यात नावां गिळलंस?”

मी मान वळवणार, तेवढ्यात तांडेल म्हणाला, “वलू नका. चालू द्या.”

त्याचा आवाज बदलला होता. हसणं थांबलं. त्याने पुढचे ढीग विचारले, मी उरलेली नावं सांगितली – हऱ्या, तांडेल, बाळा – आणि ढीग संपले. माझ्याकडे एक नाव उरलं. होडी.

“होडी रायली की, काका,” बाळा तांडेलाला म्हणाला. “परत करूया.”

“रायली त राहू दे.”

होडीचा वाटा म्हणजे तांडेलाचा स्वतःचा. तो सोडून देतोय हे पाहून सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी आता वळलो होतो. तांडेल त्या चौथ्या ढिगापाशी काठी टेकून उभा होता, आणि उपड्या होडक्याजवळची म्हातारी पाटी घेऊन आमच्याकडे येत होती. बायकांनी तिला वाट दिली. ती ढिगापाशी बसली, दोन्ही हातांनी मासळी पाटीत भरली, वाळू झटकली, पाटी डोक्यावर घेतली आणि गावाकडे चालू लागली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तांडेलाने मला बाजूला घेतलं. परब माझ्यामागे येऊन उभा राहिला.

“पाव्हनं, यो नाव तुमाला कोनी सांगला?”

“कोणीच नाही.”

“आटवून बगा. होडीवर, टांग्यात, खालच्या चायवाल्यानं...”

मी आठवून पाहिलं. खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने जे सांगितलं ते असं. ती म्हातारी त्याची भावजय, चांगुणाबाई. तिचा एकुलता मुलगा काशिनाथ याच होडीवर होता. आदल्या वर्षी हिवाळ्यात तो लहान होडकं घेऊन एकटाच समुद्रात रोवलेले जाळ्याचे खुंट पाहायला गेला. होडकं पलीकडच्या किनाऱ्याला पालथं सापडलं. काशिनाथ सापडला नाही. मेलेला दिसला नाही तोवर माणूस दर्यावर आहे असं धरायचं आणि त्याचा वाटा घरी पोचवायचा, ही तिथली रीत. त्याला वर्षाची मुदत. वर्ष सरलं की पंच बसतात, वाटा थांबतो आणि घरच्यांनी त्याचं दिवसकार्य करायचं. काशिनाथचं वर्ष सरलं होतं. पंच बसले होते. चांगुणाबाईने कार्य करायला नकार दिला होता. दिवस केले तर आपण होऊन त्याला मारल्यासारखं होईल, असं तिचं म्हणणं. सुतक फिटत नसल्याने तिची देवपूजा, पंगतीतलं जेवण, लोकांत ऊठबस सगळं त्या एका नकाराशी अडलं होतं. वाटा बंद झाला तरी ती पाटी घेऊन काठावर येऊन बसायची.

“पन नाव तर काशिनाथ ना?” परबने विचारलं.

“ते मागनं ठेवलेला,” तांडेल म्हणाला. “वैनीची पयली पोरं जगली नाय. यो झाला तवा माज्या आयशीनं त्याला सुपात घातला, उकिरड्यावर नेऊन ठेवला, आन् केरातना उचलून परत आनला. नाव ठेवला केरू. मरन आला तर म्हनंल, यो केर हाय, याला नेऊन काय करू. पाचवा वर्स सरला, पोर जगला, तवा देवीपुढं नेऊन काशिनाथ केला. जुना नाव तितंच सोडला.”

“म्हणजे गावात कोणालाच...”

“यो नाव घरातच घ्यायचो. आता मी आन् वैनी. बाकीची म्हातारी गेली. आन् ते परत कोनी घ्यायचा नसतो. घेतला तर मरन वलखतंय.”

एवढ्यात होडीवरचा पोशा पुढे आला. त्याला आमचं बोलणं अर्धवट ऐकू आलं असावं. म्हणाला, “म्हातारीनंच शिकवला असंल चष्मेवाल्याला. वाट्यासाटी.”

तांडेल त्याच्याकडे वळला, पण चिडला नाही. “ती गला कापला तरी यो नाव तोंडातना काडनार नाय. आन् शिकवायचा व्हता तर काशिनाथ शिकवला नसता?”

पोशा आपला ढीग भरायला निघून गेला.

संध्याकाळपर्यंत गावाने आपलं अनुमान काढलं होतं. काशी जिवंत आहे. कुठल्यातरी गलबताने उचललं, गुजरातेत असेल, आफ्रिकेत असेल, पण आहे – म्हणून त्याने वाटा मागितला. सभा झाली. अण्णासाहेबांसमोर बऱ्यापैकी गर्दी जमली, पण लोक त्यांच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. अरबी समुद्र गर्जून काय सांगतो आहे ते अण्णासाहेबांनी त्या समुद्रावरच जगणाऱ्या लोकांना सविस्तर सांगितलं. परतीच्या होडीत परबने त्यांना सगळी हकिगत ऐकवली. ते विचारात पडले. मला वाटलं, माणूस हलला. पुढच्याच आठवड्यात दादरच्या सभेत त्यांनी ती हकिगत सांगितली – त्यात काशिनाथच्या जागी मुंबई होती, वाटा महाराष्ट्राचा होता आणि पाठमोरा उभा इतिहास होता. टाळ्या भरपूर पडल्या. ते भाषण छपाईला आमच्याकडेच आलं, आणि त्याची प्रुफं मीच तपासली.

मी मात्र त्यातून सुटलो नाही. प्रूफरीडरचं काम म्हणजे मूळ प्रतीत जे नाही ते छापलेल्यात शिरू द्यायचं नाही. आणि इथे माझ्याच तोंडून मूळ प्रतीत नसलेला शब्द बाहेर पडला होता. मी शोध घेतला. केरू हे नाव काही जगावेगळं नाही. कुठेतरी ऐकलं असेल, वाचलं असेल, नेमकं त्या क्षणी वर आलं असेल. पण नेमकं त्याच क्षणी का? त्याच काठावर, त्याच होडीचे वाटे होताना, आणि तेही दुसरं एखादं नाव का नाही? परबचं मत सोपं होतं. “उनात उभो केल्यानी तुका. डोक्यार परिणाम झालो.” पण उन्हाने माणसाला घेरी येते, दुसऱ्याच्या मुलाचं टाकून दिलेलं नाव येत नाही.

निवडणुका झाल्या. होळी झाली. एक दिवस छापखान्याला सुट्टी होती, मी कोणाला न सांगता बोरिवलीला गेलो आणि खाडी ओलांडली. या वेळी तिथी पाहून.

तांडेल काठावरच भेटला. मी विचारलं, “काशिनाथची काही खबर?”

“त्याचं दिवस झालं,” तो म्हणाला.

मला कळेना. मी म्हटलं, “अहो, पण तुम्ही सगळे तर म्हणत होता, तो जिवंत आहे...”

“आमी म्हनत व्हतो. वैनी नाय.” त्याने मिशीवरून हात फिरवला. “तवा दुसऱ्या दिशी सकाली माज्या दारात आली. म्हनाली, भाऊजी, भट सांगा, पंचांना सांगा, कार्य करायचा. आमी सगल्यांनी समजावला, वैनी, पोर जिता हाय, वाटा मागतंय. ऐकेना. वर्स सरल्यावर आमी सांगत व्हतो गेला, तवा ती नाय म्हनाली. आमी म्हटला हाय, तर ती म्हनते गेला. जावा, तुमीच इचारा तिला.”

चांगुणाबाई घरामागे बोंबील वाळत घालत होती. बांबूंची लांबच लांब मांडण, त्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टाकायचे. तिने मला ओळखलं.

“तूच ना रं तो? बस.”

मी एका पालथ्या टोपलीवर बसलो. तिनेच सुरुवात केली.

“भाऊजींनी सांगला असंल, म्हातारी येडी झाली.”

“तसं नाही म्हणाले.”

“बाला, ते नाव मी कशापाई ठेवलेला? मरनापासना लपवायला. पाच वर्सं त्या नावामागं लपवला, मंग ते टाकून दिला. जिता असता त कशाला घेतला असता ते? जित्या मानसाला ते घ्यायची भीती असते. त्याला आता कोनापासना लपायचा नाय.” तिने दोन बोंबील अडकवून मांडणीवर टाकले. “आन् काशिनाथ सगल्या गावाचा व्हता. केरू माज्या येकटीचा. त्याला गावाला सांगायचा नव्हता, मना सांगायचा व्हता. म्हनून मी दिवस केलं.”

हे सांगताना ती रडली नाही. भाताला किती पाणी घालायचं ते सांगावं तसं सांगितलं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत आणि त्याहून जास्त तपासली आहेत; पण तिच्या त्या बोलण्यात मला खोडण्याजोगं काही सापडलं नाही. तरी मी ते मानलं असं नाही. फक्त खोडता आलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तू मुंबयचा ना? मोर्च्याला जातोस?”

“जातो.”

“त्यालाबी जायाचा व्हता. फोर्टात मोठा मोर्चा व्हता, गावातली चार पोरं निघालेली, पोशाबी त्यात. मी जाऊ दिला नाय. तितं गोल्या घालत व्हते. दारात आडवी झाली. म्हटला, मना मारून जा. लय रागावला. चार दिस माज्याशी बोलला नाय. मंग खुंट बगायचं निमित्त करून त्याला मीच दर्यावर धाडला. म्हटला, हितं गोली तरी लागत नाय.”

मोर्चाला गेलेली ती चार पोरं परत आली होती हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यातला एक, पोशा, मला आठवड्यापूर्वी पाहिल्यासारखा आठवत होता.

मग तिने हातातलं काम थांबवलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

“तुज्या तोंडातना आला ना तो. मंग तुलाच इचारते. रागावलेला व्हता का?”

आता मी कसा माणूस आहे ते वाचकांना एव्हाना कळलं असेल. कोणाचं मन राखायला मी खोटं बोलतो असा आरोप माझ्यावर माझ्या बायकोनेही कधी केला नाही. मी तिला सांगणार होतो, की आई, आवाज माझाच होता, शब्द चुकून आला, त्यात दुसरं कोणी नव्हतं, मला काय माहीत. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

पण तिने विचारल्याबरोबर तो क्षण मला परत आठवला – पाणी, डोंगर, मागची काठी – आणि त्याच्यासोबत एक गोष्ट, जी मी इतके दिवस शब्दाच्या मागे लागल्यामुळे पाहिलीच नव्हती. ते नाव घेताना मला बरं वाटलं होतं. दिवसभर उन्हातून हिंडून घरी यावं, पाय धुवावेत आणि आतून कोणी ‘पान वाढलंय’ म्हणावं, तेव्हा वाटतं तसं. माझ्या आयुष्याशी त्या क्षणी त्या बरं वाटण्याचा काही संबंध नव्हता. मी भुकेला होतो, पायात चिखल होता, आणि सभा फसल्याबद्दल अण्णासाहेब काय म्हणतील याची काळजी होती.

“नाही,” मी म्हटलं. “अजिबात रागावलेला नव्हता.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलतोय का हे पाहत असावी. मग मान हलवली आणि पुढचे दोन बोंबील उचलले.

नाव कुठून आलं, याच्या सात-आठ शक्यता मी आजवर मांडून पाहिल्या आहेत आणि त्यातली एखादी कधीतरी पटेलही. पण त्या दुपारी त्या बाईला मी जे सांगितलं ते मला कसं ठाऊक होतं, याला माझ्यापाशी एकही शक्यता नाही. एवढं मात्र शपथेवर सांगतो, की मी तिला खोटं सांगितलं नाही.